नकाशातली रिकामी जागा

आज सुती साडीला खळ घातली आणि त्या वासासरशी सोलापुरातली आमची विणकरांची गल्ली आठवली. सत्तरच्या दशकातली सकाळ. मोजणीवाले साहेब आमचे दगडी खुंट उपटायला आले होते, कारण नकाशात गल्ली ‘रिकामी जागा’ होती. खुंटांना बांधून मात्र खळ लावलेल्या उभ्या सुताचा लांबलचक ताणा वाळत होता.

शेजारच्या नरसक्कानं एक टोक सोडून साहेबांच्या हाती दिलं. “खुंट नको म्हणता, मग तुमीच धरा. वाळंस्तोर हलायचं न्हाय.” दुसरं टोक तिनं धरलं.

तासाभरानं म्हणाली, “आता सांगा की, जागा रिकामी हाय?”

साहेबांनी नकाशातले शब्द खोडले.

तेव्हा मला साहेबांचंच हसू आलं होतं. आज नरसक्का दिसते. तिचे हात कापत होते, पण ताणा सैल पडला नव्हता.