साकु, बाई

"साकु" म्हटलं आणि सुनेनं आमटीची पळी तिथल्या तिथं थांबवली. कानडी मुलखात, मळमड्डीतल्या आमच्या मराठी घरात ताटावर 'पुरे' कुणी म्हणत नाही. हा कानडी शब्दच तोंडात बसलाय. आज मात्र घास हातातच राहिला, कारण यल्लू आठवली.

सात वर्षांची यल्लू अळणावरकडच्या खेड्यातून मी शिकवायचे त्या शाळेत आली होती. लिहिणं जड झालं की वही फेकायची, शेजारणीला चावायची. रागावून रागावून मी थकले. मग फेकण्या-चावण्याऐवजी तिनं शब्दानं सांगावं म्हणून डबा खायच्या सुट्टीत मी तिच्या पेल्यात पाणी ओतू लागले. तिनं "साकु" म्हटलं की थांबायचं. पंधरा दिवस आम्ही हाच खेळ खेळलो. पाणी थांबलं की ती खुदकन हसायची.

एका दुपारी गणितं चालली होती. तिनं काही फेकलं नाही. ताटावर धरतात तसा वहीवर हात आडवा धरला आणि हळूच म्हणाली, "साकु, बाई."

समोर चाळीस पोरं, माझं डोकं ठणकत होतं. मी म्हटलं, "एवढी ओळ संपव, मग."

तिनं वही टराटरा फाडली. संध्याकाळी मी तिच्या नावापुढं लिहिलं, 'सुधारणा नाही.'

"काय झालं, आई?" सून विचारतेय. पळी अजून तिच्या हातात तशीच आहे. माझ्या एका शब्दावर ती थांबली.

यल्लूला तेवढंच हवं होतं.