पाखरं न बसलेली बाजरी

सासऱ्यांना साखर निघाली तेव्हा येरमाळ्याच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. भात आणि पोळी कमी करा, बाजरी-ज्वारीची भाकरी खा, भाज्या खा, रोज चाला. मामा, म्हणजे माझे सासरे, दवाखान्यातून घरी आले. ओट्यावर बसून चपला काढताना म्हणाले, "जन्मभर भाकरीतून सुटायला धडपडलो. आता ह्यो बाबा म्हणतो, भाकरीच खा."

त्यांचं म्हणणं मला कळत होतं. लहानपणी दुसऱ्याच्या बांधावर बसून शिळी भाकरी खाल्लेला माणूस. पुढं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागले, कायम झाले, निवृत्त होताना दोन एकर रान घेतलं. घरात रोज गव्हाची पोळी होऊ लागली, तेव्हा आपलं घर वर आलं असं त्यांना वाटलं होतं. आता तीच पोळी ताटातून काढायची होती.

पण एकदा ठरवलं की मामा मागं हटायचे नाहीत. त्या पावसाळ्यात त्यांनी अर्ध्या रानात बाजरी पेरली. "खायचीच हाय तर इकतची कशाला?" मीही शाळा सांभाळून त्यात पडले. दोडका, दुधी, अंबाडी, शेपू, कारळ्याची चटणी, हुलग्याचं माडगं. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. चुलीपाशी बसून त्या मला विसरलेल्या चवी सांगायच्या आणि मी त्या करून बघायचे. मामांचं वजन उतरलं. गावात कुणी भेटलं की ते आता भाकरीचे गुण सांगायला लागले.

श्रावणात बाजरी निसवली, कणसं बाहेर पडली आणि आभाळ जे भरून आलं ते हललंच नाही. ऊन दिसेना. कणसांवर मधासारखे चिकट थेंब दिसू लागले. हात लावला की बोटं चिकटायची. त्यावर मुंग्या आणि माशा बसायच्या. आत्या गोफण घेऊन पाखरं राखायला जायच्या आणि लवकरच परत यायच्या.

एकदा मी विचारलं, "आत्या, आज लवकर आलात?"

"राखायचं कुणाला? एक चिमणी न्हाय रानात."

"पावसानं नसतील आली."

"शेजारच्या तुकड्यात हायत की. आपल्यावर बसनात."

मामा हसले. म्हणाले, "बरं झालं, दाणा वाचला." आत्या हसल्या नाहीत. मी तर वह्या तपासत होते.

भादव्यात बाजरी काढली. मळल्यावर दाण्यांत उंदराच्या लेंड्यांगत काळे, लांबट बारीक तुकडे दिसले. आत्यांनी सुपात घेऊन पाखडलं, दिवसचे दिवस उन्हात बसून निवडलं. सगळं काळं निघालं नाही. कीड लागली असेल, दळल्यावर काय कळतंय, असं आम्हीच आमचं ठरवलं.

नव्या बाजरीची भाकरी मामा एकटेच रोज खात होते. आम्हाला अजून जुनी ज्वारी होती. थोड्याच दिवसांत ते जेवल्यावर भिंतीला टेकायचे ते तसेच पेंगायचे. कधी म्हणायचे, डोकं गरगरतंय. आम्ही साखरेच्या गोळीला बोल लावला. बाजरीचं भूसकट खाणारी शेळी दुधाला आटली, तेव्हा आत्या म्हणाल्या, "काय तरी बिघडलंया." काय ते त्यांनाही सांगता येईना.

विजयादशमीला आम्ही तिघं पांढरे कपडे घालून विहारात गेलो. माझे पती बसवर वाहक आहेत. देवीच्या यात्रेच्या गर्दीमुळं त्यांना सुट्टी नव्हती. वंदना झाली, गोड वाटलं गेलं, मामांनी ते हातात घेतलं आणि माझ्याकडं दिलं. मला त्यांचं कौतुक वाटलं. म्हणून घरी आल्यावर मी त्यांच्यासाठी सणाचं म्हणून बाजरीचा खिचडा केला. बाजरी ओलवून कांडली, नवे मूग घातले, तांबडा भोपळा घातला, वरून लसणाची फोडणी. सोबत चटणी आणि पेरूच्या फोडी. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही तिघंही ती बाजरी पोटभर जेवलो.

ताटं उचलायच्या आधीच मामा म्हणाले, "डोळ्यावर झापड यायली." ते जागेवरच आडवे झाले. थोड्या वेळानं न्हाणीतून आत्यांच्या ओकण्याचा आवाज आला. मी पाणी घेऊन उठले तर जमीन एका बाजूला कलली. तांब्या कुठं पडला ते कळलं नाही. आत्या भिंतीला धरून बाहेर आल्या आणि मामांच्या शेजारी निजल्या. मला पतींना फोन करायचा होता. फोन हातात होता, नाव दिसत होतं, पण लावून काय सांगायचं ते आठवेना. बाहेर लख्ख ऊन होतं. देवीच्या वाटेवरचा भोंगा ऐकू येत होता, तो हळूहळू लांब जायला लागला. त्यानंतरचं मला पतींनी सांगितलंय.

ते दोन फेऱ्यांच्या मधे जेवायला आले. दार सताड उघडं. आत आम्ही तिघं पांढऱ्या कपड्यांत ओळीनं पडलेलो, उष्टी ताटं तशीच, त्यावर माशा. ते म्हणतात, "मी लगेच हाक मारली नाही. मारली आणि कुणीच ओ दिली नाही तर, असं वाटलं." ते उंबऱ्यात उभे राहिले आणि आईची छाती खालीवर होते का, तेवढंच बघत राहिले.

शेजाऱ्याच्या जीपमधून आम्हाला कळंबला दवाखान्यात नेलं. मला जाग आली तेव्हा एक डॉक्टर विचारत होते, "फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता? घरात काही वाद झाला होता का?" त्यांनी हेच दोनदा विचारलं. मग, "स्वयंपाक कुणी केला?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. दाराशी जमलेले भावकीतले लोक माझ्याकडं बघत होते. त्या नजरा मी विसरलेले नाही. तेवढ्यात बाजूच्या खाटेवरून आत्यांचा आवाज आला, जड जिभेनं. "सैपाक तिनं केला, पण दाणं म्या निवडलं. इचारायचं ते मला इचारा."

दुसऱ्या दिवशी पतींनी मूठभर बाजरी हायवेवरच्या बी-बियाणांच्या दुकानात नेली. दुकानदारानं ती मिठाच्या पाण्यात टाकली. चांगला दाणा खाली बसला, काळं वर तरंगलं. "अरगट हाय, इखारी बुरशी," तो म्हणाला. "फुलोऱ्यात पाऊस लागला की पडतोय. माणसं वाचली, नशीब." डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांचे प्रश्न थांबले.

आम्ही दोन-तीन दिवसांत बरे झालो. घरी आल्यावर उरलेलं धान्य कुणाला देता येईना, जाळवेना. मिठाच्या पाण्यातून काढून वापरता येतं असं लोक म्हणाले, पण आत्यांचा हात पुढं झाला नाही. शेवटी रानाच्या कडेला खोल खड्डा घेऊन त्यांनी ते पुरलं. मामा बांधावर उभे राहून बघत होते.

गोष्ट तिथं संपली असती तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी मामांनी भात मागितला. मी ज्वारीची भाकरी वाढली होती. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"मामा, ही ज्वारी आहे. जुनी, आपणच खात होतो ती."

"काळी असू दे न्हायतर पांढरी. भाकरी मला नको."

"साखर वाढेल."

"साखरंनं मरण येताना दिसतंय तरी. ह्या भाकरीनं निजल्या जागी नेलं असतं."

मी, पतींनी, डॉक्टरांनी, सगळ्यांनी सांगून बघितलं. ते भात आणि पोळी खात राहिले, चहात साखर घालत राहिले. थंडीत उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेनं घासून घाव पडला. तो भरेना. आधी लाल, मग निळसर, मग काळा. उन्हाळा लागायच्या आत अंगठा काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी चादर सारून पाय बघितला.

आता ते भाकरी खातात. डॉक्टर सांगतात पाय अजून धोक्याबाहेर नाही, म्हणून खातात. पण ताट समोर आलं की तुकडा मोडून खिडकीकडं धरतात, दोन्ही बाजू बघतात. मग मला विचारतात, "तू खाल्लीस?"

"खाल्ली, मामा."

"कवा?"

"आत्ताच. तव्यावरची पहिली."

ते मान हलवतात, तुकडा ताटात ठेवतात, त्यावर दुसरी थाळी पालथी घालतात. "मग जाऊ दे थोडा येळ," म्हणतात, आणि माझ्या तोंडाकडं बघत बसून राहतात.