पिवळ्या चौकटीतला माणूस

कॉल्डरगेट गावात कुणी वारलं की त्याच्यापुढे ऑल्विन टॉर्डॉफ चालायचा. अंगात लांब काळा कोट, डोक्यावर उंच हॅट, हातात चांदीच्या मुठीची काठी. मागे अंत्यविधीचं काम करणाऱ्या हेपवर्थांची शववाहिका, त्याच्याच चालीने. मयताच्या घरापासून गिरणीचा चौक ओलांडेपर्यंत तो चालायचा, मग गाडीत बसायचा. गावातल्या म्हाताऱ्या त्याला रस्त्यात अडवून सांगायच्या, "माझ्या वेळी घाई करू नकोस हं." तो म्हणायचा, "तुम्ही घाई करू नका म्हणजे झालं."

पुढे त्या चौकात नगरपालिकेने पिवळ्या रेघांची चौकट आखली. तिच्यात गाडी थांबली की खांबावरचा कॅमेरा टिपतो आणि दंडाची नोटीस येते. पाववाल्या एडना सग्डनला नेताना शववाहिका नेमकी त्या चौकटीत उभी राहिली, आणि नोटीस हेपवर्थांच्या दारात येऊन पडली.

डेनिस हेपवर्थ बापाच्या मागे हा धंदा सांभाळत होती. तिचा तिळपापड झाला. मेलेल्यांना तरी सोडा म्हणावं, असं ती ड्रायव्हर क्लाइव्हला दिवसभर ऐकवत राहिली. दंड भरायचा नाही, हरकत घ्यायची, हे तिने ठरवून टाकलं. कारणही हाताशी होतं. एडनाचं पावाचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावरच. मयताचं दुकान वाटेत लागलं की त्याच्या दारासमोर थांबायचं, हॅट काढायची, वाकायचं, ही जुनी रीत. ऑल्विनने तेवढं लिहून दिलं की काम झालं.

ऑल्विन चहाच्या कपात बघत हो म्हणाला.

हरकतीत तपशील हवा म्हणून डेनिसने नगरपालिकेने पाठवलेलं चित्रण लावलं. पडद्यावर ऑल्विन चौकटीत आला आणि थांबला. दुकान त्याच्या उजव्या हाताला होतं. त्याने तिकडे पाहिलं, मग डावीकडे पाहिलं. मग हातातल्या काठीकडे, ही कुणाची म्हणून विचारावं तसं. शेवटी क्लाइव्ह गाडीतून उतरला आणि त्याच्या कोपराला धरून त्याला पलीकडे घेऊन गेला.

डेनिसने चित्र थांबवलं. क्लाइव्हने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. इतके दिवस तो याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

"हॅट डोक्यावरच आहे, ऑल्विनकाका," ती हळूच म्हणाली.

"रस्ता कुठला तेच आठवेना, पोरी."

लहानपणी ती हीच हॅट घालून या आवारात हुंदडली होती. ती उठून दाराशी गेली, परत आली. म्हणाली, पालिकेतल्या माणसाला हॅटचं काय कळतंय, आपण रीत म्हणूनच लिहू. पुढच्या वेळी क्लाइव्ह तुमच्या बाजूने चालेल. खरं कागदावर गेलं तर मात्र विमावाले तुम्हाला गाडीपुढे पाऊल टाकू देणार नाहीत.

ऑल्विन बराच वेळ काठीची मूठ चोळत बसला. चालणं गेलं तर आपल्यापाशी काय उरतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"एडनासमोर मी वाकलो नाही," तो म्हणाला. "न दिलेला मान दिला म्हणून लिहिलं, तर त्या बाईला दोनदा लुबाडल्यासारखं होईल."

खरं होतं ते त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. पालिकेने दंड माफ केला. उत्तरात सहानुभूतीचे दोन शब्दही होते. हॅट आणि काठी कपाटात गेली.

थंडी पडू लागली तेव्हा पुढची अंत्ययात्रा निघाली. गाडीपुढे कुणीच चाललं नाही. ऑल्विन साध्या टोपीत पावाच्या दुकानापाशी उभा होता. शववाहिका चौकटीतून न थांबता निघून गेली. त्याने टोपी काढली, दुकानाच्या दाराकडे वळला आणि एडनासाठी कमरेतून वाकला.

गाडी दिसेनाशी झाली तरी तो तिथेच. दुकानातली मुलगी बाहेर आली. म्हणाली, "गारठाल इथे. घर कुठल्या बाजूला, मिस्टर टॉर्डॉफ?"

गाडी गेली होती तिकडे त्याने हात केला.