खुणेवरून सरकलेला नॉब

नाटकवाले त्यांना करवतकाका म्हणत, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. सिंथेसायझरचा गुळगुळीत आवाज त्यांना खपतच नसे. "हा काय आवाज आहे? पावडर लावून आलाय," म्हणायचे आणि तो वायरीतून आपल्या लोखंडी पेटीत सोडायचे. पेटीत आवाज आधी फाटे, खरखरीत होई. मग फिल्टरमधून जाई. फिल्टरचा नॉब वर नेला की आवाजाला धार येई, खाली आणला की तो दबका होई. वादळ हवं, कारखाना हवा, माणसाच्या डोक्यातला कल्लोळ हवा, की लोक त्यांच्याच दारात. माणूस तसा तिरसट. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. पेटीला हात लावायची तर घरात कोणाची बिशाद नव्हती.

आवाज मनासारखा लागला की ते बाहेर जाऊन कानांना विसावा देत आणि परत येऊन रेकॉर्ड करत. आधी मदतीला बायको असे. ती वारल्यावर मुलगी बसू लागली.

त्या दुपारी एका नाटकाच्या शेवटासाठी आवाज हवा होता: रिकाम्या घरात एकटा उरलेला म्हातारा. काकांनी बरीच खटपट करून तो लावला. दिग्दर्शकाला दुसऱ्या दिवशी पुन्हा हाच आवाज लागणार होता, आणि पेटीच्या लक्षात काही राहत नाही. म्हणून कधी नव्हे ते त्यांनी नॉबशेजारी पेन्सिलीने खूण केली आणि बाहेर गेले.

परत येऊन बघतात तर नॉब खुणेच्या बराच खाली.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "कोणी हात लावला?"

मुलगी वायरी गुंडाळत राहिली.

"तुला विचारतोय."

"मी लावला, बाबा."

आता हिला फाडून खायचं, पण आधी किती बिघडलंय ते पाहावं म्हणून त्यांनी एक स्वर दाबला. आवाज होता तसाच होता. नॉब खुणेवर आणून पुन्हा दाबला. तसाच. मुलीचे खांदे मात्र आक्रसले. काकांनी नॉब आणखी वर नेला. तिने कानांवर हात ठेवले. काकांना काहीही वेगळं ऐकू आलं नव्हतं.

त्यांना भीती वाटली. ज्या कानांची जन्मभर मिजास केली, त्यांनी कधीच दगा दिला होता.

"टोचतं का गं?"

"सुई घातल्यासारखं."

"मग लोक कधी बोलले कसे नाहीत?"

"त्यांच्यापर्यंत जातच नाही. तुम्ही बाहेर गेलात की मी खाली घेते."

"कधीपासून?"

"माझं सोडा. आधी आई घ्यायची. हॉस्पिटलात जायच्या आधी मला दाखवून गेली, कुठवर आणायचा ते. म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस."

काका खुर्चीत बसले. चारचौघांत ते बायकोला म्हणायचे, तुला यातलं काय कळतं? ती हसून चहा ठेवायला जायची. एकदाही तिने उलट उत्तर दिलं नव्हतं.

काकांनी पेन्सिलीची खूण अंगठ्याने खोडली. मग म्हणाले, "तिने दाखवला होता तिथे आण."

मुलीने नॉब खाली घेतला. काकांना फरक कळला नाही. त्यांनी डोळे पुसले आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.