कवळी घालून झोपणारा माणूस

माझे सासरे, ज्यांना आम्ही विदर्भाकडच्या सुना मामाजी म्हणतो, तिखटाचे पक्के शौकीन. सगळी नोकरी रायपूरच्या रेल्वेत गेली, पण जिभेनं नागपूर काही सोडलं नाही. भाजीवर लाल तर्री दिसली नाही, तर ताट जरा पुढे सरकवून विचारायचे, "हे पेशंटचं जेवण हाय का?" असा माणूस मागच्या हिवाळ्यात एकाएकी दहीभात मागायला लागला, तेव्हा माझे कान टवकारले.

आधी दहीभात, मग दुधात कुस्करलेली पोळी, मग तीही अर्धी. पाणी पितानासुद्धा चेहरा वाकडा. तोंड आलंय, मी ठरवून टाकलं. ठरवायला मला वेळ लागत नाही. नवरा बिलासपूरला नोकरीला, घरी फक्त रविवारी. तेव्हा रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरचा डॉक्टर, वकील आणि न्यायाधीश मीच. टाकणखाराची लाही केली, मधात कालवली, सकाळ-संध्याकाळ लावायला दिली. मामाजींना शुगर आहे, पण बोटभर मधानं काय होतंय, असं मीच मला समजावलं. आजार मात्र माझं ऐकेना. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या आणि जिभेवर पांढरा थर दिसू लागला.

मग मी घाबरले. मामाजींनी उमेदीच्या काळात खर्रा खाल्लेला. तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला चुरा तेव्हा त्यांच्या गालात सदाचा असायचा. नवऱ्याला फोन केला. आमच्या पिढीचं असं आहे, भीती वाटली की मराठी सुटून हिंदी येते. तो हळूच म्हणाला, "कहीं वो तो नहीं?" आजाराचं नाव त्यानं घेतलं नाही, मीही घेतलं नाही. मामाजींनी तर स्वतःचा निकाल आधीच लावून टाकला होता.

"मले माहीत हाय काय हाय ते. डॉक्टर काय नवीन सांगन?"

दाताच्या कण्या केल्या, हे काही हलेनात. शेवटी मी स्कूटर काढली आणि आमच्या गल्लीच्या मधोमध चालू करून उभी केली. पुढून रिक्षा, मागून सायकली, भोंग्यांचा कालवा. मामाजींना भोंगे सहन होत नाहीत. शिव्या पुटपुटत येऊन मागे बसले.

शंकर नगरची दातांची डॉक्टर माझ्यापेक्षा बरीच लहान. तिनं वरची कवळी काढायला लावली तेव्हा मामाजींनी गमछा तोंडावर धरला आणि मान माझ्याकडून फिरवली. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांना बिनदातांचं कधी पाहिलंच नव्हतं, हे मला तिथे त्या खुर्चीशेजारी उभं राहिल्यावर कळलं. डॉक्टरनं मला जवळ बोलावून टॉर्च मारला. टाळू लालबुंद होती, पण जिथवर कवळी तिथवरच, जणू कोणी कवळी ठेवून भोवती रेघ ओढली होती. मग तिनं जिभेवरचा पांढरा थर कापडानं पुसला. तो निघाला.

"दादाजी, वो वाली बीमारी नहीं है। फंगस है।"

मला इतकं हलकं वाटलं की मी भर दवाखान्यात मोठ्यानं हसले. मामाजींनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

मग तिनं समजावलं. ही बुरशी थोडीफार सगळ्यांच्याच तोंडात असते, गुमान पडून असते. पण कवळीखाली ना हवा जाते ना लाळ खेळते. वर अन्नाचे कण, जुनी कवळी सैल होऊन घासणारी, रक्तात वाढलेली साखर. मग तिला रान मोकळं. माझ्या मधाचं ऐकून तर डॉक्टरनं कपाळाला हात लावला, म्हणाली, फंगस की तो आपने दावत कर दी. मी म्हटलं, मग आता तुम्ही तिला उपाशी मारा.

"दादाजी, रात को निकालते हैं न?"

"हव," मामाजी म्हणाले.

"किसमें रखते हैं?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. घरातलं प्रत्येक भांडं माझ्या हाताखालून जातं. दात ठेवलेली वाटी मला आजवर दिसली नव्हती. पण चारचौघांत सासऱ्याला खोटं कसं पाडायचं?

औषधाचे थेंब मिळाले. कवळी रोज ब्रशनं घासायची, रात्री काढून पाण्यात ठेवायची, शुगर आटोक्यात आणायची, आणि तोंड बरं झालं की कवळी नवीन करायची. मी झाकणाची एक डबी आणून त्यांच्या खाटेपाशी ठेवली. थोड्याच दिवसांत गडी पोळी चावून खायला लागला आणि मी शेजारणींना औषधं सुचवायला पुन्हा मोकळी झाले. पण औषध संपलं, आणि पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा ती आग, पुन्हा दहीभात. डॉक्टर म्हणाली, आम्ही दिवसा मारतो, ते रात्री पुन्हा उगवतंय. असं चाललं तर यांचं खाणंच सुटेल. घरी येऊन मी डबी उघडली. आत पाण्याचा थेंब लागलेला नव्हता.

दुपारी ते गच्चीवर उन्हात खाट टाकून पडले होते. मी डबी त्यांच्यासमोर धरली.

"मामाजी, काहून ऐकून नाही राहिले तुम्ही? वाळून काडी झाले. कोणासाठी सजून झोपता रात्रीचे?"

मला वाटलं, ओरडतील. ते उठून बसले.

"तुह्या सासूचं तोंड आठवते तुले? शेवटचं?"

आठवत होतं. सासूबाई रात्री दवाखान्यातच वारल्या. तिथे त्यांची कवळी काढून ठेवलेली, ती नर्सनं कागदात गुंडाळून आमच्या हातात दिली. ती घालायची असते, हे त्या गडबडीत कोणाला सुचणार? सुचलं तोवर जबडा ताठरला होता. नागपूरहून माणसं आली ती सकाळी. तोंड पाहायला पांढरं कापड बाजूला केलं, गाल खोल गेलेले, ओठ आत ओढलेले.

"तिची सख्खी बहीण म्हणे, हे आमची बाई नोहे," मामाजी म्हणाले. "मी तिथंच उभा होतो. लोकं शेवटचं तोंड घेऊन घरी जातात, सूनबाई. तिचं ते तोंड घेऊन गेले. मी झोपेत गेलो तं दातासंगट जाईन. खाणं सुटलं तं सुटलं."

मला राग आला होता तो कुठे गेला कोण जाणे. मला सासूबाईंची आणि या म्हाताऱ्याची फार माया आली. पण रडत बसले असते तर मी कसली न्यायाधीश?

"तुमचे दात मी घालीन," मी म्हटलं. "कोणी यायच्या आधी. माह्या हातानं."

"तुले जमन?"

"शिकवा."

सुनेनं सासऱ्याच्या तोंडात बोटं घालायची, असं आमच्या घरी कोणी ऐकलं नसेल. पण मामाजींनी गमछा खाली ठेवला आणि माझ्यासमोर दोन्ही कवळ्या काढल्या. चेहरा केवढासा झाला. मी नजर हलवली नाही.

मी खालची उचलली.

"वलची आधी," ते बोळक्या तोंडानं खेकसले. "ओली कल."

पहिल्यांदा वाकडी बसली. दुसऱ्यांदा त्यांना ठसका लागला. तिसऱ्यांदा बसली तशी मी फुशारकीनं म्हटलं, झालं!

"काय झालं? मीच तोंड उघडून देऊन राहिलो. मेलेला माणूस मदत करते का?" त्यांनी दोन्ही कवळ्या काढून माझ्या हातात दिल्या, खाटेवर आडवे झाले, डोळे मिटले आणि अंग सैल सोडलं. हनुवटी एका बाजूला कलली.

मी खाटेच्या कडेला बसले. हनुवटी धरून खाली ओढली, वरची टाळूला दाबून बसवली, मग खालची सरकवली. ओठ जुळवले. गाल भरून आले आणि माझे मामाजी पुन्हा मामाजींसारखे दिसायला लागले. ते हलत नव्हते. माझा हात त्यांच्या गालावरच होता.

"मामाजी?"

मी गाल थोपटला.

"मामाजी!"

"बरोबर बसली," ते डोळे न उघडता म्हणाले. "आता काढून डबीत ठेव. मी झोपतो."