काळूरामचं निळं कापड

काळूरामला गाव हसतं तेव्हा माझं डोकं फिरतं. वैशाखरे गावात रस्त्यालाच माझं चहाचं दुकान आहे. काळूरामचा पाव रोज सकाळी पहिल्यांदा माझ्याकडे उतरायचा, म्हणून मला सगळं ठाऊक आहे.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास तो मुरबाडच्या बेकरीतून पाव, खारी, बटर उचलून जुन्या राजदूतवर वाड्यावाड्यांत विकायचा. उन्हाळा-हिवाळा धंदा झकास. पावसाळ्यात मात्र बोंब. वरून प्लास्टिक बांधलं तर माळशेजकडचा वारा ते फाडून न्यायचा. घट्ट गुंडाळलं तर गरम पावाला आतल्या आत घाम सुटायचा. एका आषाढात सगळा माल लगदा होऊन परत आला आणि बेकरीवाल्याने पाव पोचवायची लाइनच काढून घेतली.

म्हणून तो मस्कतला गेला. कामही कसलं, तर ट्रकच्या ताडपत्र्या बनवणाऱ्या गाळ्यात हेल्पर. तिथलं जाड निळं कापड बघून त्याने मनाशी ठरवलं, मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना याच्याच पिशव्या लावायच्या. मालक एक तुकडा सोडेना. मग सुट्टीच्या दिवशी बाकीचे झोपा काढायचे आणि हा उन्हातान्हात भंगारवाल्यांकडे फिरायचा. मोडक्या ट्रकचे त्याच कापडाचे पडदे, सीटबेल्टच्या कड्या, जे मिळेल ते गोळा करायचा. सगळे त्याची टिंगल करायचे. एक दुकानदार तर म्हणाला, "इधर बारिश किधर है भाई, पागल हुआ क्या?" काळूराम तिथे भांडून आला होता, हे त्यानेच मला सांगितलं.

दोन हजार दोनच्या चैत्रात तो परतला. बेकरीवाल्याने शब्द दिला, पावसात पाव कोरडा पोचव, लाइन तुझी. म्हणजे पुन्हा मस्कतला जायला नको. त्याची बायको अनिता कितीतरी दिवसांनी माझ्या दुकानासमोरून हसत गेली.

पण आमच्याकडे रीत आहे. परदेशातून कोणी आला की गाव बघायला जातं आणि साबण, बाम, बॅटरी, काहीतरी घेऊनच उठतं. काळूरामला विमानात मिळालेलं सामानाचं सगळं वजन कापडानेच खाल्लं होतं. लोक आले, चहा पिऊन गेले आणि बाहेर पडून नको ते बोलले. त्याची आई सकुबाई ते ऐकत राहिली.

सुईने शिवलं तर भोकातून पाणी शिरतं, म्हणून काळूराम कापड चिकटवायचं सोल्युशन आणायला कल्याणला गेला. तो परतला तेव्हा सकुबाईने कापडाचे तुकडे करून भावकीत वाटलेसुद्धा होते. लावणीला वाकलं की पाठ झाकायला इरलं लागतं ना, त्यासाठी. अनिता आडवी आली होती, पण सासूने ऐकलं नाही.

"लोकं म्हनतात, सकूचा पोरगा मोकल्या हातान आला. मना लाज वाटते रे," सकुबाई म्हणाली.

"आई, त्याच्यावरच मी हितं राहनार व्हतो गो," एवढंच काळूराम बोलला आणि सोल्युशनचा डबा भिंतीवर भिरकावला.

अनिता घरोघर तुकडे मागायला गेली. दिलेली भेट कोणी परत मागतं का, म्हणून तिलाच चार शब्द ऐकवले. तिच्या जागी मी असतो तर एकेकाच्या अंगावरून ओढून आणले असते.

लाइन दुसऱ्याला गेली. पावसात लावणीच्या बायका निळी इरली पांघरून, कोरड्या ठणठणीत, माझ्या दुकानात यायच्या आणि मलाच विचारायच्या, "पाव ओला कसा रे?" माझ्या तोंडात शिवी यायची. त्यांच्यात सकुबाईही असायची, जुनं पानांचं इरलं घेऊन. स्वतःला तिने तुकडा ठेवलाच नव्हता.

श्रावणात काळूराम परत मस्कतला निघाला. एसटी माझ्या दुकानासमोर थांबते. सकुबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"या खेपेला साबन आनतो," पायरीवर चढता चढता तो म्हणाला. "सगल्यांना पुरंल येवढा."