छातीच्या फोटोतला डाग

डॉक्टरनं छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि बोट टेकवलं. "हे बघा. उजव्या बाजूला डाग आहे." मला फोटोतलं काही कळत नव्हतं, पण डाग दिसला. सुपारीपेक्षा थोडा मोठा, गोल. मुलगी माझ्याशेजारी उभी होती. डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं. "नोकरीसाठी पास करता येणार नाही. बेडका तपासायला द्या. भांडी वेगळी ठेवा."

भांडी वेगळी कशी ठेवायची हे मला कुणी शिकवायला नको होतं. तीन वर्षांपूर्वी माझा नवरा छातीच्याच रोगानं गेला होता. त्याचा बाप जेऊरकडं दुसऱ्याच्या रानात राबायचा. नवरा सोलापुरात येऊन गिरणीत लागला. कापूस मोकळा करायच्या खात्यात आयुष्यभर कापसाची धूळ गिळली. मी चौथी पास झाले तशी आईनं मांडीवर तंबाखूचं सूप ठेवलं, तेव्हापासून विड्या वळत होते. तोवर आमच्या घरात शिकलेलं माणूस म्हणजे मीच.

मुलगी मॅट्रिक झाली. शाळेतून आल्यावर तीही माझ्यासोबत विड्या वळायची, पण पुस्तक पुढ्यात उघडं असायचं. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं होती ती. टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली, तिनं अर्ज केला आणि तिची निवड झाली. राहिली होती फक्त डॉक्टरी तपासणी. सोमवारी फिट असल्याचा दाखला घेऊन हजर व्हायचं होतं. नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. हा गुरुवार होता.

आम्ही चालत घरी निघालो. सात रस्त्याचा चौक ओलांडताना ती म्हणाली, "अव्वा, उद्या माझ्या वाटची पानं पण भिजव."

"कशाला?"

"विड्या वळायला. अजून कशाला?"

आम्ही घराशी आलो. दारात शेजारीण बसली होती. तिच्या घरी चादरीचे माग, बोलणं तेलुगू-मराठी मिसळून. तिनं हाक मारली, "काय गं ऑपरेटरीण, हॅलो हॅलो कधीपासून?" मुलगी सरळ आत गेली. शेजारीण माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "तिचं डोकं दुखतंय." त्या दिवशी मी खरंच तिचं ताट वेगळं ठेवलं. तिनं ते पाहिलं आणि त्यातच जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ती पूजेला बसली. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. रोज ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि परत गळ्यात बांधायचं. मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. ज्यांना परवडतं ते चांदीच्या डबीत घालतात. आमचं कापडात गुंडाळलेलं, दोऱ्यानं बांधलेलं. मुलीनं कापड सोडलं, लिंग तळहातावर घेतलं. काळं, गोल. सुपारीपेक्षा थोडं मोठं.

मी हातातलं पान खाली ठेवलं.

"काल फोटो काढताना लिंग कुटं होतं?"

"गळ्यात. कुटं असणार?"

"छातीवर?"

"तिथल्या बाई म्हणल्या, गळ्यातलं सगळं काढा. मी मणी काढले. हे कसं काढू? तूच सांगितलंयस की, काय वाट्टेल ते झालं तरी काढायचं न्हाय. मग पाठीवर सरकवलं. उजव्या खांद्याच्या खाली. त्यांचा झगा घातला होता, कुणाला दिसलं न्हाय."

"आणि डॉक्टरला सांगितलं न्हाईस?"

"पाठीवर होतं, अव्वा. फोटो छातीचा होता."

मॅट्रिक झालेली पोर. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि हसूही आलं. फोटो आरपार निघतो हे मला तरी कुठं ठाऊक होतं? पण गोल वस्तू आणि गोल डाग मला जुळवता येत होतं. मी पानं तशीच टाकली आणि तिला घेऊन निघाले.

डॉक्टरपुढं गर्दी होती. मी मधेच घुसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कालचा फोटो पाकिटातून काढून पुन्हा बघितला आणि चष्मा वर केला. "अहो बाई, चांदीच्या डबीत असतं तर कालच कळलं असतं. डबी लख्ख दिसते. कापडातला दगड गाठीसारखा दिसला. जा, ते काढून ठेवा. दुसरा फोटो घेऊ."

"काढणार न्हाय," मी म्हटलं.

"नोकरी पाहिजे की दगड?"

"दोन्ही. ती तळहातावर धरंल. तुम्ही छातीचा फोटो काढताय का हाताचा?"

रांगेतलं कुणीतरी हसलं. मग डॉक्टरही हसले. "धरा. पण हात छातीपासून लांब ठेवा म्हणजे झालं."

ती आत गेली. मी बाहेर बाकावर बसले. देवाला काही मागितलं नाही. तो आत तिच्या मुठीतच होता. दुपारनंतर डॉक्टरनं नवा फोटो त्याच खिडकीत धरला. मी उजवी बाजू बघितली, डावी बघितली. डाग नव्हता. डॉक्टरनं दाखल्यावर सही केली. मी तो घडी करून पदराच्या गाठीत बांधला.

घरी आल्यावर मी तिचं वेगळं ठेवलेलं ताट घासून बाकीच्या ताटांत लावलं. शेजारणीला खरं काय ते सांगितलं. ती पोट धरून हसली. पुढं कितीतरी दिवस मुलगी दिसली की विचारायची, "आज देव कुठल्या बाजूला गं?"

सोमवारी मुलगी हजर झाली. साठीला टेलिफोन खात्यातूनच निवृत्त झाली. मधल्या काळात आम्ही दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलं आणि मी विड्या सोडल्या. तिनं स्वतःसाठी चांदीची डबी केली. माझ्यासाठी मी तिला करू दिली नाही, माझं कापड मला पुरे. तिच्या दोन्ही मुलींना विडीचं पान कुठल्या बाजूनं कापतात हे ठाऊक नाही, आणि ते त्यांना शिकवायचीही माझी इच्छा नाही.

नवरा त्या रोगानं गेला. मुलगी जगली. मीही अजून आहे.